पाचवा पोर्ट

वडनेरच्या जिनिंगमध्ये काटे दोन.
गेटापाशी साठ टनांचा, ट्रकसाठी;
मागे सरकीच्या ढिगाकडे दुसरा, बंड्या-ट्रॅक्टरांचा.
दोघांच्या तारा एकाच खोलीत येतात,
जिथे निळकंठराव ढगे एकोणीस वर्षं
पावत्या फाडत बसलेत.

जुना कॉम्प्युटर पोळ्याच्या दिवशी गेला.
नवा आणला, आठ पोर्टांचं कार्ड बसवलं,
आणि मागचा काटा मुका झाला.
मला वर्ध्याहून बोलावलं.
"काटा बोलते हो मॅडम," निळकंठराव म्हणाले,
"यालेच आयकू येत नाही."

निदान बरोबर होतं.

पहिल्या पोर्टवर गेटचा काटा,
दुसऱ्यावर बाहेरची लाल आकड्यांची पाटी,
तिसऱ्यावर पावत्यांचा प्रिंटर,
चौथ्यावर कापसाचा ओलावा मोजायचं यंत्र.
पाचव्यावर मागचा काटा.
आणि कर्नल मोजत होता चार.

कुणीतरी, कधीतरी, एका ओळीत लिहून ठेवलंय:
काही सांगितलं नाही, तर चार.
वाईट हेतू नाही त्यात,
बहुतेकांना दोनही लागत नाहीत.
टेबलावर हजेरीची वही उघडी होती.
कवडी वेचणाऱ्या बायांच्या खान्यात छापील ओळी चार,
पाचवी, शिलाबाई नागोसे, समासात आडवी.

मी मेनू उघडला.
डिव्हाइस ड्रायव्हर्स, त्याच्या आत कॅरेक्टर डिव्हाइस,
त्याच्या आत सीरियल.
वाय म्हणजे अंगातच मुरलेलं,
एम म्हणजे हाक मारली तर येणारं,
एन म्हणजे ओळखच नाही.
आठांना मिळून घंटी एकच:
ती वाजली की कर्नलनं दारोदार विचारत फिरायचं,
तू वाजवली का, तू वाजवली का.
तिथे वाय.
चाराचे आठ केले.

कम्पाइल अर्ध्यावर असताना लाइट गेली.

अंधारात निळकंठरावांनी विचारलं, सीरियल म्हणजे काय?
म्हटलं, पांदण.
एका वेळी एकच बंडी.
पुढे एक रिकामी, माल येतोय सांगायला,
मागून आठ भरलेल्या, मग थांबा.
"अन् समोरून दुसरी आली तं?"
जायची तार वेगळी, यायची वेगळी.
"मंग पांदण कायची, हायवे हाये हा."
माझी उपमा तिथेच संपली.
त्यांनी मला तंबाखू विचारली, मी नको म्हटलं.

दहा वाजता पुन्हा सुरू.
साडेअकराला कर्नल उठला,
आणि उठताना जे काही पुटपुटतो ते सगळं
माझ्या चुकीनं दुसऱ्या पोर्टवर गेलं.
बाहेरच्या लाल पाटीला त्यातलं काय कळणार?
रांगेत झोपलेला ट्रॅक्टरवाला ओरडत आला:
"ओ ढगेसाहेब, माहा कापूस आठ लाख किलो झाला!
लिहून घ्या, पावती द्या!"

पाटी शांत केली. पोर्ट तरी चारच.
मग दिसलं, तो दोनदा विचारतो:
किती असू शकतील,
आणि उठल्याउठल्या किती मोजू?
दुसऱ्या प्रश्नाला मी उत्तरच दिलं नव्हतं.
पुन्हा दीड तास.

पहाटे पडद्यावर पाचवा उगवला.
त्याच्या तारेतून येत होतं
शून्य, शून्य, शून्य,
सेकंदाला दहा वेळा, न कंटाळता.
आम्ही दोघं ते बघत बसलो.

सहाच्या सुमारास आकडा हलला.
पन्नास.
खिडकीतून पाहिलं तर शिलाबाई
चपला बाजूला काढून
काट्याच्या मधोमध उभी, मान वर करून.
"पन्नास कायची? दवाखान्यात अठ्ठेचाळीस सांगतले."
निळकंठराव खिडकीतून वाकले.
"हा दहा-दहानंच मोजते वो बाई."

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली,
मग उतरली.
पडद्यावर शून्य आलं.
निळकंठराव पावत्यांचं नवं बुक शोधू लागले.