वंश (पु.)

दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं तपासताना
'वंश' या शब्दापाशी मी तीन दिवस अडकून आहे.

पहिला अर्थ: बांबू, वेळू.
दुसरा: कूळ, घराणं.
तिसरा: समान शरीरलक्षणं असलेला मानवसमूह.
उदाहरण नाही. जागा नव्हती म्हणे.

ठाकुरद्वारच्या आमच्या कचेरीखाली, जिन्याला टेकून
यमुनाबाई पहिला अर्थ सोलत बसलेली असते.
सुपं, टोपल्या, दिवाळीत आकाशकंदिलाच्या काड्या.
तिला सगळी गल्ली बुरडीण म्हणते.
अठरा वर्षं मी तिच्या कामट्या ओलांडून वर जाते,
आडनाव विचारायचं राहिलं.
राहिलं म्हणजे काय, ते मी कोशात बघितलेलं नाही.

गेल्या शनिवारी दादरला परिसंवाद होता:
आपल्या शहरात वंशभेद आहे काय?
पहिले वक्ते वकील. त्यांनी पिशवीतून कोश काढला, आमचाच,
चष्मा पुसला, तिसरा अर्थ वाचला
आणि मिटला, पानाचा डबा मिटावा तसा.
'जात म्हणजे वंश नव्हे. सबब प्रश्नच उद्भवत नाही.'
टाळ्या.
दुसरे म्हणाले, व्याप्ती वाढवली तर शब्दाला धार राहणार नाही.
तिसरे म्हणाले, आधी 'भेद' ठरवू.
पंख्याखाली पाऊण तास भेद ठरत राहिला.
चहा आला, चहा संपला.

मग कलिन्याहून आलेली एक नर्स उठली.
लिनथोई. मराठी तुटकं, पण सरळ.
'वॉर्डात पेशंट म्हणतात, चायनावाली नको, दुसरी पाठवा.
सांताक्रूझचे घरमालक म्हणाले, आम्ही भेद नाही करत,
तुमच्या सैपाकाचा वास तेवढा...
त्याला तुमच्यात काय म्हणतात?
तुम्ही द्याल तो शब्द मी वापरते.
मला खोली पाहिजे.'

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
मुद्दा हृद्य आहे, म्हणाले,
पण विषयाच्या कक्षेबाहेरचा.

मी सातव्या रांगेत होते.
कक्षा माझ्या ओळखीची होती.
तिसरा अर्थ मीच लिहिला होता, तेविसाव्या वर्षी,
एका जुन्या कोशावरून जवळजवळ उतरवून,
छापखान्याचा माणूस जिन्यात उभा, दाभिळकर सर ओरडतायत,
'व'चा फर्मा आज गेलाच पाहिजे.
गेला.
त्या अर्ध्या ओळीवर आज एक दार लागलं,
कडी माझ्या हातची.
मी हात वर केला नाही.

सोमवारी सरांना म्हटलं, चौथा अर्थ हवा.
सर आता ऐंशीचे. म्हणाले, 'बाई, कोश म्हणजे नोंद.
लोक जे म्हणतात ते आपण लिहितो,
लोकांनी काय म्हणावं ते नाही.'
'कुठले लोक?'
सरांनी श्रवणयंत्र नीट केलं, पुढचं पान घेतलं.

उदाहरणं मात्र माझ्या खात्यात.
'जात' काढलं. जुनं उदाहरण: आंबेमोहर ही तांदळाची एक जात.
छान, सुवासिक. ते ठेवलं. खाली लिहिलं:
आधी जात विचारली, मग पाणी.
'वास': तिने चूल पेटवण्याआधीच घरमालकाला वास आला.
'वंश'पाशी पुन्हा आले. पेन टेकलं. उचललं.

खाली गेले. यमुनाबाई पेरापाशी कोयता थांबवून
बांबू हातात फिरवत होती.
'आडनाव काय हो तुमचं?'
तिने वर पाहिलं, कोयता खाली न ठेवता.
'कशाला?' म्हणाली. 'कुठं लिहिणार?'