नमुना ब, रकाना सात

रकाना सात म्हणतो :
प्रशिक्षणकाळात आत्मसात केलेली कौशल्ये लिहा.
खाली चार ओळी आखलेल्या,
चौथी झेरॉक्समध्ये अर्धी पुसलेली.

अमृता खुटवडनं तिच्या फॉर्मचा फोटो ग्रुपवर टाकलाय :
संवादकौशल्य, संघभावना, वेळेचं नियोजन,
आणि जागा उरली म्हणून नेतृत्व.
सहा आठवडे ती महाप्यात
एका सर्व्हर रूमच्या दाराशी स्वेटर घालून
येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहीत होती.
वेळेचं म्हणते ते खरंय.
कोण किती वाजता सिगारेटला जातो, तिला पाठ आहे.

फरहान तुंगेकर तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजात. उणे अठरा.
म्हणतो, एकच शिकलो,
दार आतून कसं उघडतं ते.
पहिल्याच दिवशी विचारून घेतलं.
हे कशात बसतं गं?

मी रबाळ्याला, प्रेशर गेजच्या कारखान्यात.
खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसायचा,
खाणीनं अर्धा खाल्लेला.
स्टायपेंड मिळेल म्हणाले होते.
चहा मिळाला. दोन वेळ, वेळेवर.

माझं काम : मास्टर गेजशेजारी नवा गेज लावायचा,
दाब चढवायचा, उतरवायचा,
दोन्ही काटे एकच बोलतात का बघायचं.
मोकलकाका पहिल्या दिवशी म्हणाले,
"आधी टिचकी मार बाय, मंग वाच.
काटा कधीकधी लाजतो."
मी वहीत लिहून घेतलं. टिचकी. मग वाचन.
आमच्या पुस्तकात त्याला घर्षण म्हणतात.

पाचवा आठवडा, गुरुवार, साडेपाच.
बाहेर टेम्पो सुरू करूनच ठेवलेला.
चाळिसावा गेज.
दाब शून्य, काटा अर्ध्या बारवर.
टिचकी मारली. अर्धा बार.
पुन्हा मारली, जरा जोरात, नखानं.
वाघुलकर साहेब दारातून म्हणाले, "झालं?"
"झालं," म्हणाले मी
आणि सही केली.
आयुष्यातली पहिली सही
जिच्या भरवशावर कुणीतरी कुठेतरी
एखादा व्हॉल्व्ह उघडणार होतं.

सकाळी माझ्या टेबलावर तोच गेज.
चिठ्ठी नाही, काही नाही.
मोकलकाका चष्मा पुसत बसलेले.
"काका, टेम्पो गेला ना काल?"
"गेला की.
एकोणचाळीस घेऊन गेला."

दुपारी चलनात एक नग कमी म्हणून
बोलणी त्यांनाच बसली.
काचेच्या अलीकडे मी
मास्टर गेजकडे बघत उभी होते,
जसं काही तो आत्ता काहीतरी दाखवणार आहे.
ते गप्प होते.
मीही. माझं गप्प राहणं वेगळं होतं.
संध्याकाळी त्यांनी डब्यातली उरलेली सुकट
माझ्यापुढे सरकवली, "खातेस का?"
मी खाल्ली.

उद्या सराव मुलाखत आहे.
प्लेसमेंटच्या पाध्ये मॅडमनी घोकून घेतलंय :
तुमचा एक दोष सांगा, असं विचारतील,
तर म्हणायचं,
सर, मला कामात जराही चूक चालत नाही.
आणि किंचित हसायचं.
सगळा वर्ग ओळीनं किंचित हसून आला.
मीसुद्धा. मॅडम म्हणाल्या, छान, नैसर्गिक वाटतं.

सर्टिफिकेट आलंय, जाड कागदावर :
कामात चोख. पुढील वाटचालीस शुभेच्छा.
खाली वाघुलकर साहेबांची लफ्फेदार सही.

रात्रीचे अकरा. ऐरोलीत वीज गेलीय,
मोबाईलच्या उजेडात रकाना सात.
संवादकौशल्य लिहिलं. खोडलं.
कागदाला एक टिचकी मारून बघितली,
वेड्यासारखी.
शेवटी लिहिलंय :
चाळिसावा गेज परत काढता येतो.
त्याला वेळ लागतो, आणि बोलणी खावी लागतात.
हे मी बघितलं. मी केलं नाही.
चार ओळी पुरल्या नाहीत,
समासात गेले.

रकाना आठ, मार्गदर्शकाचे नाव.
तिथे न थांबता लिहिलं :
बाळाराम पोशा मोकल.
हुद्दा : हेल्पर, कंत्राटी.

सर खोडायला लावतील,
साहेबांचं नाव हवं म्हणतील.
म्हणून पेन्सिल ठेवून दिली,
पेननं लिहिलंय.