मठार

शरणपूरचे शांतवन सर घंटा घेऊन तांबट आळीत आले,
गोणपाटात गुंडाळून, रिक्षातून,
आजारी माणूस आणावा तशी.
तडा पार काठापर्यंत.
टिचकी मारली, तर खोकली.

झाळून भागेल का?
कासं झाळत नाही, सर.
वितळवायची, नाहीतर अशीच ठेवायची.

ते बसून राहिले. मग पाकिटातून एक चित्र काढलं:
झग्यातला साधू, पुढे भट्टी,
आणि सांडशीत धरलेलं सैतानाचं नाक.
डन्स्टन, म्हणाले. इंग्लंडातला, हजार वर्षांपूर्वीचा.
घंटा ओतायचा. राजालाही सुनवायचा.
हाकलला तर समुद्रापार गेला,
परत आला, आणि पडलेले मठ उभे केले.

मी चित्र उजेडात धरलं.
पकड बरोबर आहे, म्हणालो.

त्याची खोली एवढीशी, की पाय पसरता येत नसत.
(त्रिरश्मीच्या लेण्यातले दगडी ओटे आठवले.
आणि माझं दुकान.)
भिंतीवरची त्याची वीणा म्हणे आपोआप वाजली.
यात कसला चमत्कार?
दिवसभर ठोके पडले
की हातोडा ठेवल्यावर आमचे हंडेही
खुंटीवर गुणगुणत राहतात.

दारूवरून भांडणं होत, म्हणून त्याने
पेल्यांत आतून खुणेचे खिळे बसवायला लावले.
ज्याने त्याने आपल्या खुणेपर्यंतच प्यावं.

इथे माझा भाता थांबला.
धाकट्या मोरेश्वरसाठी मला हे सुचलं नाही.
पेले तर मीच घडवत होतो.

मठ उभे केले म्हणजे काय हो, भिंती बांधल्या?
भिंती होत्याच, सर म्हणाले,
आतली माणसं सैल पडली होती.
त्याने नेम लावला. पहाटे उठणं,
ठरल्या वेळी प्रार्थना,
ठरल्या वेळी गप्प बसणं.

म्हणजे मठार.
तापवलेला पत्रा मऊ पडतो, सर.
आकार कितीही देखणा असो,
पोरसुद्धा अंगठ्याने चेपवेल.
म्हणून शेवटी हा गोल तोंडाचा हातोडा,
ठोक्याला लागून ठोका,
बोटभर जागा न सोडता.
कंटाळा येतो. बळ तिथूनच येतं.

आणि सैतान? खरा?
लोक सांगतात, म्हणाले.

मला वाटतं, कुणीतरी आलं असेल गोड बोलत,
आणि याने काम खाली ठेवलं नसेल.
हातात सांडशी होती.
पुढचं लोकांनी जोडलं.

सरांनी घंटा वितळवू दिली नाही,
परतही नेली नाही.
कोपऱ्यात आहे. चित्र कालिकेच्या तसबिरीशेजारी,
काजळीने साधूचा चेहरा गेला, सांडशी दिसते.
समोर स्टीलचं दुकान झालं.
सकाळी मी पहिला ठोका घालतो
तेव्हा गोणपाटाखालून ती
घसा खाकरल्यासारखं काहीतरी करते.
मी बघत नाही तिकडे.
दुसरा घालतो.