रीडिंग

गावाचं नाव बरका.
फोनवर आई हसली होती: फणसाचं नाव का रे गावाला?
मग कापा कुठे, पलीकडच्या वाडीत?
इथे फणस नाही. समुद्र आहे,
समुद्र गाळून पाणी करणारा कारखाना आहे,
आणि त्यात मी, दर तासाला रीडिंग घेणारा.
दाब. प्रवाह. क्षारता. सही.
शंभर लिटर आत ओढावं तेव्हा चाळीस लिटर गोड हाती येतं,
बाकीचं आणखी खारट होऊन
आलं तिथे परत जातं.

एक जानेवारीच्या रात्रपाळीत
जुन्या लॉगबुकाच्या मागच्या पानावर बावन्न रकाने आखले.
वर्षाला बावन्न पुस्तकं.
कुंजुमोन म्हणाला, पत्त्यांचा कॅटच की, जोकर कोण?
याआधीचं अख्खं पुस्तक मी डिप्लोमाला असताना वाचलेलं,
तेही परीक्षेच्या भीतीने.

पुस्तकं रुवीत, ऐंशी किलोमीटरवर,
मंडळाच्या लोखंडी कपाटात.
कपाट उकिडवेबाईंच्या बैठकीच्या खोलीत,
किल्ली त्यांच्या मिसळणाच्या डब्यात;
कुलपालासुद्धा हळद लागलेली.
एक शुक्रवार सोडून दुसऱ्या शुक्रवारी चार परत, चार नवी.
बाई वहीत लिहायच्या, तेरवणकर, बरका,
जणू सात पिढ्या आम्ही तिथलेच.

मार्चअखेर अकरा.
एका कादंबरीपायी दोनचं रीडिंग पंचवीस मिनिटं उशिरा घेतलं
आणि वेळ दोनचीच टाकली.
हमूदने पाहिलं. बोलला नाही.
मग मी पातळ पुस्तकं निवडू लागलो, हेही सांगून टाकतो.
कवितासंग्रह म्हणजे जेवणाच्या सुट्टीत एक रकाना.
बाई म्हणाल्या, वजनावर नेताय होय?

मेमध्ये जेलीफिश आले.
जाळ्यांवर इतके, की समुद्राला आत यायला वाट नाही.
सोळा-सोळा तास फावड्याने उपसले.
तेवीस दिवस रकाने कोरे,
आणि खरं म्हणजे आठवणही झाली नाही.

जूनमध्ये एका जाड पुस्तकात,
पान एकशे बारावर,
हिशेब चुकता झाल्याची पावती. साल एकोणनव्वद.
एकशे बारापर्यंत कोपरे मऊ, चहाचे डाग,
समासात पेन्सिलीने: छप्पर चार हजार, सुमीची फी.
त्यापुढची पानं करकरीत,
काही एकमेकांना चिकटलेली.
पहिल्या पानावर नाव, द. गो. नाचणकर, सीब.
बाईंना ठाऊक नव्हते. कपाट त्यांच्याही आधीचं.
म्हणाल्या, कायमचं जाताना माणूस पुस्तकच ठेवतो हो.
तीस किलोत मिक्सर बसवायचा असतो.

शोधलं तर खुणा पुष्कळ निघाल्या.
बसचं तिकीट, पान चाळीस.
केसांची पिन, दोनशे सहा.
एक दुमडलेला कोपरा शेवटून तिसऱ्या पानावर.
तीन पानं!
तेवढंही कुणाला थांबता आलं नाही.

पुढचे सहा महिने मी फक्त तिथून पुढे वाचलं.
ही का रडते, घर कुणी विकलं, काही माहीत नसताना
आत शिरायचं, नवा माणूस साइटवर शिरतो तसं,
आणि हळूहळू कळतं, कोण कुणाशी बोलत नाही.
कुंजुमोन म्हणाला, ही लबाडी, अर्धाच मांड.
मी आकडा मांडलाच नाही.
रकान्यात लिहिलं, ११३ ते ३४०,
आणि खाली त्यांचं नाव, असेल तर.

डिसेंबरअखेर पूर्ण वीस, अर्धी सतरा.
उरलेल्या रकान्यांत कुंजुमोनने
रमीचे गुण मांडले.
पिन मी होती तिथेच ठेवली.

आईने विचारलं, कशाबद्दल होतं रे ते जाडं?
मला शेवट सांगता आला, सुरुवात नाही.
भाऊ परत येतो, विहीर सापडते.
आणि ते छप्पर, ती म्हणाली, ते झालं का?
तेवढ्यात दोन वाजले.
दाब. प्रवाह.
छपराचं पुस्तकात नव्हतं.