रांग

तुम्ही विचारता, सुरुवात कुठून झाली.
रेकॉर्डर मध्ये ठेवलाय, चहा निवत चाललाय.
लिहून घ्या: भाव. एका पौंडाचा पाव तीन पौंडांना झाला.
चूक नाही. पेपरातही हेच आलं होतं.

पण हाज बाबिकरच्या भट्टीवर बावीस वर्षं मी तराजू धरलाय.
भाव चढण्याआधी किती काळ पाव आतून रोडावत होता
ते माझ्या मनगटाला विचारा.
सत्तर ग्रॅमचा गोळा, मग साठ, मग पंचेचाळीस,
आणि वरून फर्मान: दिसायला तेवढाच दिसला पाहिजे.
आम्ही यीस्ट वाढवलं.
पीठ थोडं, वारा फार.
मंत्र्यांची भाषणंही तेव्हा अशीच फुगायची.

आमच्याकडे पावाला ऐश म्हणतात.
ऐश म्हणजे जगणं.
लोक खिडकीशी येऊन म्हणत, दहा जगणी दे,
आणि मी मोजून सहा देई.

पाचांहून जास्त माणसं एका जागी उभी दिसली
की शिपाई हटकायचे.
लग्नाला परवाना, मयताला परवाना,
फुटबॉल बघायलाही परवाना.
रांगेला तेवढी कुणी हरकत घेतली नाही.
रांग त्यांचीच होती ना. त्यांनीच लावलेली.
रात्री दोनपासून, नाईलवरून बोचरा वारा,
तीनशे माणसं,
आणि बोलण्यावाचून दुसरा उद्योग नाही.

पाय भरून आले की लोक आपल्या जागी वीट ठेवून घरी जात.
खडूनं नाव घालत तिच्यावर.
सित्तना, चहावाली; तिची शेगडी पोलिसांनी तीनदा उचलून नेली.
इद्रीस, रेल्वे कारखान्यातला फिटर.
रुआ, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला; अक्षर असं सुबक
की मागचेपुढचे आपली वीट तिच्याकडूनच लिहून घेत.
अब्दुल-हलीमची वीट कोरी.
तो कुणाचा माणूस, सगळ्यांना ठाऊक होतं.
आमची नावं विटांवर होती, त्याच्या वहीतही होती.
पण त्याच्या म्हातारीलाही पाव लागायचा.
त्याची जागा आम्ही कधी मारली नाही.

भूक म्हणता? भूक जुनी.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार, त्याचीही सवय होते,
माझ्या बापाला झाली होती.
इद्रीसला वाटे, पगार आपलाच अडकलाय, आपलंच काही चुकलं असेल.
सित्तनाला वाटे, शेगडी आपलीच जाते, नशीबच तसं.
त्या थंडीत एकेकानं आपलं ओझं खाली ठेवलं
आणि सगळ्यांचं वजन सारखंच भरलं.
तराजूवाला म्हणून सांगतो.

त्या बुधवारी खिडकी उघडलीच नाही.
पीठ राजधानीकडे वळवलेलं.
घोषणा वगैरे नंतरच्या.
आधी इद्रीस वाकला, आपली वीट उचलली,
नेऊन रस्त्याच्या मधोमध ठेवली,
अगदी जपून, जणू तिथेही नंबर लावायचा होता.
मग सित्तनानं. मग कोण कोण, मी मोजलं नाही,
आयुष्यात पहिल्यांदा मोजलं नाही.

ट्रक आले तेव्हा भिंत कमरेएवढी होती
आणि तिच्यावर खडूनं सगळा मोहल्ला,
रुआच्या अक्षरात.
शिपायांना वाचता येत होतं.
वाचूनच झाडल्या त्यांनी गोळ्या.

अब्दुल-हलीमचं विचारू नका.
भिंतीत एक वीट कोरी होती, मी एवढंच पाहिलं.

रुआ तिसऱ्या दिवशी गेली.
राजवट जायला चार महिने लागले.
नवे आले. त्यांच्या बुटांचा आवाज ओळखीचा वाटतो,
पण माझे कान आता म्हातारे झालेत.
पाव पन्नास पौंडांना आहे.
किती ग्रॅमचा, ते नाही सांगणार, हाज बाबिकर आत बसलाय.

बंद करा ते मशीन. मला भट्टी पेटवायची आहे.
आणि बाहेर पडताना जरा जपून.
पायरीपासून कोपऱ्यापर्यंत विटा मांडल्यात,
पाय लागू देऊ नका.