बेअरिंग बोलायलंय

चिकलठाण्यात आमची कंपनी ज्या शेडमध्ये आहे
तिथं आधी स्कूटरचे गिअर कापायचे.
फरशीवर राखाडी मॅट अंथरलीय,
तरी मार्च लागला की खालचं जुनं ऑइल
सांध्यांतून घामासारखं वर येतं
आणि कॅनडातल्या दातांच्या डॉक्टरांचे हिशेब सांभाळणारे
आम्ही बावीस जण
वीस वर्षांपूर्वीच्या सेकंड शिफ्टचा वास घेऊन घरी जातो.

छताच्या गर्डरला क्रेनचा हूक तसाच आहे.
उतरवायला पैसे पडतात.
गेल्या दसऱ्याला शिल्पा घुगेनं त्याला झेंडूचा हार घातला,
कीबोर्डांना हळदकुंकू, राउटरवर आपट्याचं पान.
राउटर दोन दिवस बरा चालला.

मी सात वर्षं हिंजवडीत होतो.
लिफ्टमध्ये कुणी गाव विचारलं
तर म्हणायचो, वेरूळच्या जवळ.
म्हणजे आधी लेणी, मग मी.
परत आलो तेव्हा पगार तिसऱ्या हिश्श्यानं उतरला,
हे आईला अजून माहीत नाही.

मुलाखतीला पोरं येतात. गेवराईची, मंठ्याची.
जिंतूरचा एक जण पहाटेच्या एस.टी.नं आला,
इस्त्रीचा शर्ट पिशवीत घालून,
स्टँडवर बदलून.
लूप म्हणजे काय, विचारलं. इंग्रजीत अडला.
म्हटलं, मराठीत सांग.
"सर, नळाला पाणी आलंय का बघायचं.
नसलं तर पुन्हा बघायचं.
आलं की बघणं थांबवायचं
आन् भांडी भरायला लागायचं."
आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या शहरात
आणखी काय विचारणार?
मुंजाजी ढगे. सोमवारपासून ये.

पहिलं काम दिलं एका पतसंस्थेच्या यादीचं :
शहराचं नाव सगळीकडं एकसारखं कर.
एकोणीस प्रकार निघाले.
जुनं, नवं, अर्धं, ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं,
आणि एका खातेदारानं त्या रकान्यात
नुसतं 'इथलंच' लिहिलेलं.
मुंजाजीनं अठरा दुरुस्त केले.
ते एक राहिलंय, म्हटलं.
"ते बरोबरच हाय की, सर."

रात्रपाळीला गेटवर मुख्तारचाचा असतात.
याच शेडमध्ये अठरा वर्षं गिअर कापले त्यांनी.
परवा दोन वाजता पाण्याची बाटली भरायला आत आले
आणि सर्व्हररूमच्या काचेशी थबकले.
"साहेब, बेअरिंग बोलायलंय."
स्क्रीनवर सगळं हिरवं होतं.
"तिसरं कपाट. खालून दुसरं."
शिल्पा हसली. मीही, थोडासा.
मुंजाजी हसला नाही,
त्यानं तिथला सगळा भार गुपचूप दुसरीकडं हलवला.

चार वाजून दहा मिनिटांनी पंखा बसला.
लाल दिवा त्यानंतर लागला.
कॅनडात कुणाला काही कळलं नाही,
तिथं कुणाचीतरी दाढ भरत असतील.

तक्रार नोंदवताना फॉर्म अडला :
कोणाच्या लक्षात आलं? कर्मचारी क्रमांक टाका.
चाचा ठेकेदाराचे. त्यांना क्रमांक नाही.
"दोनशे बारा टाका," ते म्हणाले.
हे कुठलं?
"टोकन. कंपनी बंद झाली तेव्हा
पितळेचा बिल्ला जमा करून घेतला त्यांनी.
नंबर कसा घेणार?"

सिस्टिमनं दोनशे बारा घेतला नाही.
मुंजाजीनं खुर्ची पुढं ओढली.
बाहेर लाईट गेली होती
आणि चाचा टॉर्च घेऊन जनरेटरकडं चालले होते,
वाटेत एकदा थांबून,
कान देऊन.