कीचक

कांदा मार्केटला सुट्टी, म्हणून रेवण्णाकाका
माझ्यासोबत कुडलला आला.
भीमा-सीना मिळतात तिथे गाडी लावली.

सगळे आत गेले, पिंडीवरचे चेहरे मोजायला.
हा मंडपातच थांबला
एका खांबापाशी, मान वर करून.

तुळईखाली दबलेला बुटका,
पोट सुटलेलं, गुडघे फाकलेले,
गाल टम्म.

"डावा खांदा बघ," काका म्हणाला,
"उतरलाय. पन्नास किलोचं पोतं
तीस वर्षं एकाच बाजूनं घेतलं की असा उतरतो.
घडवणाऱ्यानं हमाल बघितलाय बे.
देव बघितला असंल-नसंल."

मी पुस्तकातलं बोललो : भारवाहक, यक्ष,
वरच्या अवघ्या देवलोकाचा पाया वगैरे.
त्यानं ऐकून घेतलं,
मुकादमाचं घेतो तसं.

मग त्याला उरलेले हात दिसले.
दोन तुळईला लावलेले,
आणि दोन तोंडाशी. त्यांत शंख.

बराच वेळ काही बोलला नाही.
माडावरचा एक होला दोनदा घुमला.

"म्हणजे गाल ओझ्यानं फुगलेत
का फुंकतोय म्हणून?"

मला सांगता येईना.
दगडात श्वास एकच आहे
आणि छिन्नी तिथेच थांबली आहे.

आतून हाक आली, दर्शनाला चला.
काकानं खांद्यावरचा पंचा ओढला,
सवयीनं चुंबळ वळली,
रिकामीच डोक्यावर ठेवली
आणि उंबरा ओलांडला
किंचित डावीकडे कलून,
गाल फुगवून.